चहाच्या जागी

“कशात करणार?” काउंटरमागून शेणॉयांनी विचारलं.

“घरातच,” मी म्हटलं.

“घरात हो. पण भांडं कुठलं? कॉफी कशात करणार त्यावर पूड कशी दळायची ते ठरतं. फिल्टर आहे? मशीन आहे?”

“पातेलं आहे.”

माझ्यामागे उभा असलेला एक माणूस हसला. शेणॉयांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं. “पातेल्यात चहा होतो, मॅडम. कॉफीचं वेगळं असतं.”

“चहाचं नाव काढू नका,” मी म्हणाले. आवाज जरा चढलाच असावा, कारण दळणाच्या यंत्राशी उभा असलेला त्यांचा माणूसही वळून बघायला लागला.

तशी मी भांडकुदळ नाही, पण माझ्याच्यानं थांबणं होत नाही. गॅसवर दूध ठेवून ते वर येईपर्यंत उभं राहायचं म्हणजे मला शिक्षा वाटते. मी मध्येच कपडे वाळत घालायला जाते आणि मग ओटा पुसत बसते. त्या दिवशी तर मी शोरूममधून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आले होते. मॉड्युलर किचन विकायचं माझं काम. कॉफी मशीन इथे ठेवा, प्लग मागून घेऊ, वरच्या कप्प्यात कप राहतील, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला बिनदिक्कत सांगायची. पण त्या मशीनच्या पोटात काय चालतं याचा मला पत्ता नव्हता. आमच्याकडे कॉफी म्हणजे लहानपणी चहा मागितला की त्याऐवजी हातात पडायची ती, दुधात उकळलेली आणि वर जायफळ किसलेली.

मला रविवारच्या आत कॉफी जमवायची होती. रविवारी आई कऱ्हाडला परत जाणार होती आणि मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं.

आईनं काशीत चहा सोडला होता. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू तिथे सोडून यायची, ही पद्धत आपल्याला ठाऊक आहेच. त्यातही लोक हुशारी करतात. माझ्या सासूबाई पडवळ सोडून आल्या होत्या, जे त्यांनी जन्मात कधी तोंडात घातलं नव्हतं. आईच्या शेजारच्या घाडगेकाकूंनी फणस सोडला, कारण त्यांना तो बाधायचाच. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वर्षश्राद्ध झाल्यावर या काकूंच्याच ग्रुपबरोबर आई काशीला गेली होती. घाटावर गुरुजींनी विचारलं, काय सोडता? तर आई म्हणाली, चहा.

“अगं, मी चिमटा काढला तिला,” घाडगेकाकू मला फोनवर सांगत होत्या. “म्हटलं कुमुद, वांगं सोड, गवार सोड. तुला चहाशिवाय दिवस जाणार आहे का? तर माझ्याकडे बघेचना. पाणी सोडून मोकळी झाली.”

आई दिवसाला पाच-सहा कप चहा प्यायची. उठल्यावर, आंघोळीनंतर, दुपारी चारला, दिवेलागणीला, आणि मध्ये कुणी आलं की त्याच्या निमित्तानं. तिनं चहा सोडावा हे कुणाला खरंच वाटलं नसतं. मला मात्र आधी रागच आला. आधीच ती नीट जेवत नव्हती. अण्णा गेल्यापासून कऱ्हाडच्या त्या घरात ती एकटी होती, आणि कधी कधी दिवसभर गॅसच पेटत नाही, हेही काकूंनीच मला कळवलं होतं. भात लावते आणि दोन दिवस तोच खाते, म्हणाल्या. त्यात आता चहाही गेला. काशीहून परतताना मी तिला स्टेशनवरूनच पुण्याला माझ्या घरी आणलं. आमची मुलगी हॉस्टेलवर होती, तिची खोली रिकामीच होती. तिथे पिशवी ठेवल्या ठेवल्या आई म्हणाली, “रविवारी जाते हं मी. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं?”

“कायमचं राहा,” मी म्हटलं.

“काहीतरीच बोलू नकोस, शलू.”

दुसऱ्या दिवसापासून तिचं डोकं दुखायला लागलं. कपाळाला पट्टी बांधून ती घरभर फिरायची. एका जागी बसेना. खुर्चीवर टेकायची, उठायची, गॅलरीत जायची, परत यायची, पेपर उघडून मिटायची. मी कुणाकडून आलेय ते त्या दिवसांत मला चांगलंच कळलं. दुपारी चारच्या सुमाराला सगळ्या बिल्डिंगमध्ये कपबशा वाजायला लागल्या की ती स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, “चहा एकदम बंद केलात, म्हणून होतंय. थोडी कॉफी घ्या, उतरेल. कॉफी सोडली नाहीत ना?”

“नाही,” आई म्हणाली.

झालं, मला रस्ता सापडला. आईचे दिवस चहावर टांगलेले होते आणि आता त्या खुंट्या रिकाम्या होत्या. त्यांवर कॉफी टांगायची. सकाळी एक कप, चारला एक कप, दोन्ही वेळा मी किंवा माझ्या नवऱ्यानं, निनादनं, शेजारी बसायचं. डोकं थांबेल, भूक लागेल, मन रमेल आणि मग ती रविवार विसरेल. माझे सगळे बेत असेच असतात. कागदावर त्यांत काही खोट काढता येत नाही.

घरी केली ती पहिली कॉफी बाटलीतली होती. साखरेबरोबर चमच्यानं फेटून फेटून माझा हात दुखला. वर दूध ओतलं, लहानपणच्या आठवणीनं जायफळही किसलं. आईनं कप हातात घेतला, “छान वास आहे,” म्हणाली आणि गॅलरीत गेली. थोड्या वेळानं मी पाहिलं तर कप कठड्यावर होता, वर साय धरलेली.

तेव्हा मी ठरवलं की बाटलीतली कॉफी म्हणजे खेळ, आपण खरी आणू. म्हणून मी शेणॉयांच्या दुकानात उभी होते.

“तुमच्या घरी चहा पिणारे आहेत ना?” आईची हकीकत ऐकून शेणॉयांनी मला समजावलं. “मग हा स्टीलचा फिल्टर घ्या. खाली भांडं, वर भोकांचं भांडं. वर पूड घालायची, ही छत्री, म्हणजे दांडीची चकती, हलकेच ठेवायची, उकळतं पाणी ओतायचं आणि विसरून जायचं. थेंब थेंब डिकॉक्शन खाली येतं. त्यात गरम दूध, साखर. मी चिकोरी, म्हणजे ती भाजलेल्या मुळांची पूड, जरा जास्त घालून देतो. रंग अगदी चहासारखा येईल, चहा सुटल्याचं कळणारपण नाही.”

हे ऐकून मी इतकी खूश झाले की आणखी काही विचारलंच नाही. यंत्रातून पडणारी गरम पूड, तो वास, सगळं घेऊन मी रिक्षात बसले तेव्हा मोहीम फत्ते झाल्यासारखं वाटत होतं.

घरी आल्यावर मी पूड घातली. छत्री हलकेच ठेवायची असते, एवढं मी ऐकलं होतं. पण हलकेच ठेवून काय व्हायचंय, असं वाटून मी ती अंगठ्यांनी चांगली दाबून बसवली. पाणी ओतलं, झाकण लावलं. मग दर थोड्या वेळानं झाकण काढून बघत राहिले. वरचं पाणी वरच आणि खालचं भांडं कोरडं. मी फिल्टर ओट्यावर आपटला. मग डाव्या बाजूनं टिचक्या मारल्या. आई दारात येऊन उभी होती.

“काय करतेयस?”

“कॉफी.”

“मला वाटलं काही अडकलंय.”

“अडकलंच आहे!”

शेवटी मी तो फिल्टर थेट बारीक गॅसवर ठेवला, वाफेनं उतरेल म्हणून. संध्याकाळी निनाद ऑफिसमधून आला तेव्हा ओटाभर कॉफीचा चिखल होता आणि मी तो ओल्या फडक्यानं ओढत होते. निनाद शांत माणूस आहे. त्यानं बूट काढले, भांडं धुतलं, फिल्टरबरोबर आलेला कागद वाचला, नव्यानं पूड घातली आणि छत्री नुसती टेकवली. मग मला हाताला धरून हॉलमध्ये नेलं. “आता तिकडे जायचं नाही,” म्हणाला.

“किती वेळ?”

“ते होईपर्यंत.”

डिकॉक्शन उतरलं, दाट आणि काळं. मी दूध गरम केलं, साखर घातली. शेणॉय म्हणाले होते तसाच रंग आला, आमच्या घरच्या चहाचाच. मी मुद्दाम आईच्या सवयीची कपबशी काढली. तिच्यासमोर ठेवली आणि तिच्या तोंडाकडे बघत बसले.

आईनं बशीत थोडी ओतली, ओठाशी नेली आणि खाली ठेवली.

“चहाच दिसतोय हा,” ती म्हणाली.

“कॉफी आहे, आई. घे ना, शपथ मोडत नाही.”

“माहीत आहे गं.”

“मग?”

“डोकं दुखतंय. नंतर घेते.”

“अगं, डोकं दुखतंय म्हणूनच घ्यायची आहे!”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तू मला काहीतरी पाजल्याशिवाय स्वस्थ बसणार नाहीस का?” आणि उठून खोलीत गेली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण मला तो रागापेक्षाही लागला. एवढं करायचं ते कुणासाठी, असं मनात आलं आणि मी ती कॉफी सिंकमध्ये ओतून दिली.

मला वाटलं, चव कमी पडतेय. चहावर वाढलेल्या जिभेला हे पांचट लागत असणार. शोरूममध्ये बसल्या बसल्या मी भेटेल तिला विचारत सुटले. एक बाई म्हणाली, इटालियन मशीन घ्या, बटण दाबलं की येते. ते मशीन ठेवायला माझ्या ओट्यावर जागा नव्हती. ग्राहकांना मी नेमकं हेच सांगते, आधी जागा बघा. दुसरी म्हणाली, दांड्याचं काचेचं भांडं घ्या, पूड खाली दाबली की झालं. दाबण्याचं नाव निघताच निनाद फोनवर “हात जोडतो” म्हणाला. शेवटी माझ्याबरोबर काम करणाऱ्या फरीदानं तिच्या घरचा मोका पॉट वापरायला दिला. छोटंसं, अष्टकोनी, कमरेत आवळलेलं ॲल्युमिनियमचं भांडं. खाली पाणी, मधल्या चाळणीत पूड. गॅसवर ठेवलं की पाणी खालून पुडीतून वर येतं.

“आवडलं तर नवीन घे, नाहीतर परत दे,” ती म्हणाली. “आणि गॅस बारीक ठेव हं, शलाका. तुला ओळखते म्हणून सांगतेय.”

मी पुन्हा शेणॉयांच्या दुकानात गेले.

“आता कशात?” त्यांनी विचारलं.

मी पिशवीतून भांडं काढून काउंटरवर ठेवलं. ते नाराज झाले. “याला चिकोरी नको. कडक होईल. तुमच्या आईंना झेपेल का?”

“दूध जास्त घालीन,” मी म्हणाले.

शनिवारी दुपारी, चारच्या ठोक्याला कॉफी हातात पडली पाहिजे या हट्टानं मी ते भांडं मोठ्या शेगडीवर ठेवलं आणि ज्योत वाढवली. भांडं घुरघुरायला लागलं तेव्हा मी टाळीच वाजवली. मग जळका वास आला. पुडीचा असेल म्हणून मी वाट पाहिली, जन्मात एकदा वाट पाहिली, आणि तेवढ्यात फरीदाच्या भांड्याचा काळा दांडा खालून वितळून वाकडा झाला. मी पक्कडीनं भांडं उचललं, कॉफी ओतली, भरपूर दूध घातलं, दोन चमचे साखर. कपबशी आईसमोर ठेवली.

तिनं एक घोट घेतला. घेतला एवढंच. मग तिचे डोळे भरून आले आणि तिनं तोंड वळवलं.

“आई, काय झालं? कडू आहे का?”

“नाही.”

“मग काय आहे ते सांग ना! किती भांडी आणू मी?”

“तुला कोण सांगतंय आणायला?” ती एकदम ओरडली. मी लहानपणानंतर तिचा तो आवाज ऐकला नव्हता. निनाद पेपर बाजूला ठेवून उठला. आई त्याच्याकडे वळली. “निनादराव, उद्या सकाळची एसटी किती वाजता आहे? मला स्वारगेटला सोडाल का?”

“सोडतो, आई,” निनाद म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता.

रविवारी मी खूप लवकर उठले. खरं तर झोप लागलीच नव्हती. आईची पिशवी हॉलमध्ये दाराशी उभी होती, वर तिची शाल घडी करून ठेवलेली. ती पिशवी बघितली आणि मला कऱ्हाडचं ते स्वयंपाकघर दिसलं, झाकून ठेवलेलं भाताचं पातेलं, दिवसभर न पेटलेला गॅस. मला भीती वाटली. आणि भीती वाटली की मी काम काढते. मी पुन्हा मोका पॉट भरला. वाकड्या दांड्याचा का होईना, भांडं चालत होतं. या वेळी गॅस बारीक ठेवला, माझ्या गुणामुळे नाही, लायटरनं आधी छोटी शेगडी पेटली, तीच ठेवली. दुसऱ्या बाजूला दूध तापत ठेवलं. ते नासलं. पातेल्यात पिवळं पाणी आणि पांढऱ्या गाठी. मी पातेल्याकडे बघितलं आणि मला रडू फुटलं.

निनाद पायात चपला अडकवून दूध आणायला गेला. गाडीची किल्ली त्यानं बरोबरच घेतली होती.

मोका पॉट घुरघुरला. करायचं काय म्हणून मी ती काळी कॉफी दोन पेल्यांत ओतली. साखरही घातली नाही. टेबलाशी बसून एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. इतकं कडू मी कधी काही प्यायले नव्हते.

आई आंघोळ करून, प्रवासाचं लुगडं नेसून बाहेर आली. माझ्याकडे बघितलं, मग पेल्याकडे.

“हे काय आहे?”

“कॉफी. दूध नासलं. तू घेऊ नकोस, विषासारखी झालीय.”

ती बसली. दुसरा पेला पुढे ओढून तिनं हुंगला. मग एक घोट घेतला. तोंड वाकडं झालं, पण तिनं तो गिळला आणि दुसरा घेतला. मी बोलायला तोंड उघडलं आणि नवल म्हणजे मिटलं. तिनं अर्धा पेला संपवला.

“ही चालेल,” आई म्हणाली. “हिला वासही नाही त्याचा, रंगही नाही. तू आपली रोज चहासारखी, चहासारखी करून देत होतीस.”

मला तेव्हा कळलं. मी रोज भांडं बदलत होते आणि दर वेळी त्यात तेच दूध, तीच साखर घालत होते. कॉफी चहाच्या जितकी जवळ नेऊ तितकं तिला बरं वाटेल, असं मी धरून चालले होते. आम्हा चहावाल्यांना दुसरं काही सुचतच नाही.

“पण आई, तुला तर चहा इतका आवडतो. मग सोडलास कशाला?”

तिनं पेला टेबलावर ठेवला. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“तुझ्या अण्णांचं पाणी मोजून द्यायचं असायचं,” ती म्हणाली. “तुला ठाऊकच आहे.”

मला ठाऊक होतं. अण्णांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि मधल्या दिवसांत पाणी, दूध, आमटी, सगळं मिळून एक छोटी बाटली. त्याच्यापुढे घोटभर जास्त झालं की पायावर सूज आणि श्वासाला धाप. आई सकाळी बाटली भरून ठेवायची आणि दिवसभर त्यातून औषधाच्या टोपणानं द्यायची. डॉक्टर म्हणायचे, या बाई आहेत म्हणून हे आहेत.

“शेवटच्या दिवशी चार वाजता त्यांनी चहा मागितला. अर्धा कप दे म्हणाले. बाटली दुपारीच संपली होती, पाय सुजलेले. मी म्हटलं, उद्या डायलिसिस झालं की देते. बरं म्हणाले. हट्ट नाही केला.”

“आई, तू बरोबरच केलंस. डॉक्टरांनी—”

“अगं, ऐक तरी. नाही दिला ते बरोबरच होतं, ते मला कळतं. मग मी आत गेले आणि माझा केला.”

मी माझा पेला बाजूला सरकवला.

“रोज करायचे तसाच. त्यांना दिसू नये म्हणून बाहेर नाही आणला. कपबशी वाजेल म्हणून पेल्यात गाळला आणि ओट्याशी उभ्यानं प्यायले. तर बाहेरून म्हणाले, आज आलं घातलंस का गं?”

खालच्या रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती पुन:पुन्हा बंद पडत होती.

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, कुठं काय, मी काही केलंच नाही. ते काही बोलले नाहीत. पहाटे गेले.”

आई रडत नव्हती. मीच रडत होते. मला उठून तिला जवळ घ्यायचं होतं, दहा गोष्टी सांगायच्या होत्या, की अण्णांना राग आला नसेल, की तुला हक्क होता एका पेल्याचा, की तू सांभाळलंस म्हणून तर ते एवढे दिवस होते. त्यातली एकही गोष्ट खोटी नव्हती आणि एकही तिच्या उपयोगाची नव्हती. मी बसून राहिले. आजही मला वाटतं, माझ्या हातून त्या आठवड्यात झालेली बरी गोष्ट तेवढीच.

“घाडग्यांना वाटतं मी पुण्य लागावं म्हणून सोडला,” आई म्हणाली. “तुला वाटत होतं डोकं फिरलंय. आणि इथे आले तर तू रोज कप हातात घेऊन उभी. घे ना, घे ना. मला तिकडे माझं घर तरी बरं, कुणी घे म्हणत नाही.”

“आता नाही म्हणणार,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग माझ्या पेल्यात डोकावून बघितलं. “तुला ही आवडत नाही.”

“नाही.”

“आणि माझ्यापायी तुम्ही दोघं खाली टपरीवर जाऊन चहा पिऊन येता. मला काय कळत नाही? आलं आहे का घरात?”

“आई, नको. खरंच नको मला.”

“नको म्हणू नकोस, शलू,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “आज तू नको म्हणू नकोस.”

निनाद दुधाची पिशवी घेऊन दारात आला. “आई, निघायचं ना? आत्ता निघालो तर जागा मिळेल.”

“बसा, निनादराव,” आई म्हणाली. तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली. “चहा टाकतेय.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी डोळे पुसले. त्यानं एक क्षण दाराशी असलेल्या पिशवीकडे पाहिलं, मग किल्ली खुंटीला अडकवली आणि खुर्ची ओढून बसला.

आईनं पदर खोचला. माझ्याच स्वयंपाकघरात तिनं मला न विचारता आलं शोधलं, खलबत्ता शोधला. आलं चेचलं. पाणी उकळलं, पूड पडली, दूध पडलं, आणि तो वास घरभर पसरला. ती तोंड न वळवता त्यावर वाकून उभी होती. एकदाही इकडेतिकडे गेली नाही, आणि मीही नाही. गाळताना थोडा चहा बशीत सांडला. तिनं बशी पुसली आणि काठोकाठ भरलेला कप माझ्यासमोर ठेवला.

“गरम आहे तोवर पी.”

जीभ भाजत होती तरी मी प्यायले. ती समोर बसली होती. तिची काळी कॉफी एव्हाना गार झाली असणार, पण ती तिचे बारीक घोट घेत होती आणि माझ्याकडे बघत होती, प्रत्येक घोट घशाखाली उतरेपर्यंत. निनादनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एसटी स्वारगेटहून सुटली असेल.

मी कप खाली ठेवला. पोटात जळजळत होतं. उपाशीपोटी चहा मला कधीच सोसत नाही आणि ते तिला माहीत होतं.

“अजून देऊ?” आईनं विचारलं.

“दे,” मी म्हणाले.